जुनी जीप: पेट्रोलच ठेवू की डिझेल टाकू?

निरेकाठचा
नमस्कार मंडळी,

फलटण तालुक्यात आमच्या वस्तीवर आजोबांची महिंद्राची सीजे३बी उभी आहे, १९६५ सालची. पेट्रोल, तीन गिअर, आणि स्टेअरिंग डावीकडे. मागच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' अजून वाचता येतं. आजोबांनंतर वडिलांनी थोडे दिवस चालवली, मग ट्रॅक्टर आला, मोटारसायकली आल्या आणि जीप गोठ्याशेजारच्या शेडमध्ये गेली ती गेलीच. टायर बसलेत, हूड फाटलंय, बॅटरी कुणी नेली देव जाणे. पण चासी धडधाकट दिसते आणि जुनं आरसी बुक आईने ट्रंकेत जपून ठेवलंय.

आता एक हॉटेलवाले मागे लागलेत, त्यांना हायवेला हॉटेलसमोर शोभेला उभी करायची आहे, पैसे रोख द्यायला तयार. गावातला मिस्त्री म्हणतो पेट्रोल इंजिन काढून टाका, डिझेल बसवा, पॉवर स्टेअरिंग बसवा, रुंद टायर घाला, दणका गाडी होईल. मला स्वतःला ती आजोबांच्या वेळी होती तशी उभी करायची आहे, आणि नुसती पुसून ठेवायला नाही, शेतात न्यायला, घाटात न्यायला, पाहुण्यांकडे न्यायला. पण नोकरी पुण्यात, हाताशी फक्त शनिवार-रविवार. हे निभावणारं आहे का? ज्यांच्याकडे जुन्या फोर बाय फोर गाड्या आहेत त्यांनी अगदी खरं सांगा.

बोनेटवाला
विकू नका. बाकीचं सगळं नंतर बोलू.

हिशेबनीस
@बोनेटवाला, तुमच्याकडे कुणी गंजलेला स्टोव्ह घेऊन आला तरी तुम्ही "विकू नका"च म्हणाल :)

धागाकर्त्याला प्रामाणिक सल्ला: आधी एक वही करा. इंजिनचं काम, ब्रेक, टायर, वायरिंग, पत्राकाम, हूड, सीट, आरटीओ, असे रकाने पाडा. मग प्रत्येक रकान्यात जो आकडा येईल त्याच्या दीडपट धरा. तेवढे पैसे दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने जाणार असतील आणि घरात त्यावरून भांडण होणार नसेल तर पुढे जा.

बोनेटवाला
आता सविस्तर लिहितो, मघाशी ऑफिसात होतो.

माझ्याकडे सीजे३बीच आहे, पुण्यात रोज नाही पण दर आठवड्याला चालते. तुमच्याकडे जे इंजिन आहे ते हरिकेन, २१९९ सीसी, चार सिलिंडर. इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, त्यामुळे इंजिन आधीच्या गो डेव्हिल इंजिनापेक्षा उंच झालं आणि ते झाकायला बोनेट उंच करावं लागलं, म्हणून ही जीप समोरून अशी कपाळ मोठं असल्यासारखी दिसते. विलीस या अमेरिकन कंपनीने हे मॉडेल १९५३ ला काढलं, अमेरिकेत १९६८ ला बंद झालं, पण आपल्याकडे त्याच चेहऱ्याच्या जीपा पुढे कितीतरी वर्षं निघत राहिल्या. याचा तुम्हाला फायदा असा की पार्ट मिळतात. मुंबईत ऑपेरा हाऊसला, कुर्ल्याला, पुण्यात नाना पेठेत, बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात. शोधायला वेळ लागतो, पण मिळतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बॅटरी आणून लगेच सेल्फ मारू नका. इतकी वर्षं उभी असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरून बसलेल्या असतात. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकातून थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल एकत्र करून ओता, आठवडाभर तसंच राहू द्या. मग प्लग न लावता पुढून हँडल घालून हाताने हळूहळू फिरवून बघा. नाही फिरलं तर जोर लावू नका, परत ओता, परत वाट बघा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, त्याचा आतापर्यंत डिंक झाला असेल. ऑइल बदला, इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर खोलून तळाला काय बसलंय ते बघा. हे सगळं दोन शनिवारांत होतं आणि त्यात हजार-दोन हजारांपलीकडे काही जात नाही. त्यानंतर ठरवा विकायची का ठेवायची.

उद्यमनगरी
मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात आमचं लेथचं दुकान. बोनेटवाल्यांचा मान राखून सांगतो, डिझेलच टाका राव! पेट्रोल सीजे लिटरला सात-आठच्या वर देत न्हाई. तुम्ही म्हणताय शेतात न्यायची, पाहुण्यांकडं न्यायची, मग पेट्रोलच्या भावात ते कसं जमायचं? महिंद्राने स्वतः एमएम५४० जीपमध्ये प्युजोचं एक्सडीपी डिझेल दिलं होतं, २११२ सीसी, लई कणखर इंजिन. ऊसपट्ट्यात त्या गाड्यांनी काय काय ओढलंय ते मी डोळ्यांनी बघितलंय. आमच्या दुकानात माउंटिंग, ॲडॉप्टर प्लेट सगळं करून दिलंय कित्येकांना. मूळ मूळ करत बसलात तर गाडी शेडमध्येच राहील, चालली पायजे हे महत्त्वाचं.

बोनेटवाला
@उद्यमनगरी, चालली पाहिजे हे शंभर टक्के मान्य. पण नुसतं इंजिन बदलून भागत नाही हे तुम्हीच मला पटवून द्याल. त्याच्या जीपला मागच्या ॲक्सलचं गिअर रेशो ५.३८ आहे आणि तीन गिअर. डिझेल वर फिरत नाही, म्हणजे टॉपला लगेच दम संपणार. मग गिअरबॉक्स बदला, मग प्रॉपेलर शाफ्ट कापा, मग जास्त वजनाला पुढचे पाटे जाड करा. शेवटी आजोबांच्या जीपचं काय उरलं? बोनेट आणि नंबर प्लेट.

उद्यमनगरी
गिअरबॉक्स बदलायलाच लागतो, ते मी कुठं न्हाई म्हणतोय :) पण दम संपतो म्हणता ते ८० ला. ८० ला पळवायची कुणाला हाय?

वऱ्हाडी ठेचा
काय सांगू भाऊ, तुम्ही सात-आठच्या ॲव्हरेजवर रडून राहिले, माझ्याकडं जोंगा आहे. सहा सिलिंडर, ३९५६ सीसी, पेट्रोल. अकोल्यातले पंपवाले मले पाहून उठून उभे राहतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जोंगा म्हणजे निस्सानची 'पॅट्रोल' नावाची गाडी, आपल्या लष्करासाठी जबलपूरच्या वाहन कारखान्यात १९९९ पर्यंत बनत होती. आम्हा विदर्भवाल्यांना जबलपूर जवळ, त्यामुळे लिलावात निघालेल्या पुष्कळ गाड्या इकडं आल्या. माझी सैन्यात किती चालली माहीत नाही, पण डॅशबोर्डच्या आत एका कोपऱ्यात कुण्या जवानानं खिळ्यानं कोरलेल्या आठ-दहा गावांच्या नावांची रांग आहे, पठाणकोटपासून सुरू होते. बॉडीला रंग देताना पेंटरला सांगितलं, बाकी सगळीकडं घास, त्या कोपऱ्याला हात लावशील तर पाय.

ॲव्हरेजचं गणित या गाड्यांत कोणीच करत नाही. मी महिन्यातून दोनदा काढतो, मेळघाटच्या बाजूनं जाऊन येतो, तेवढ्याचं पेट्रोल किती होते? एखाद्याच्या सिगरेटीपेक्षा कमीच.

हिशेबनीस
डिझेल-पेट्रोल वादात कायद्याचं कोणी बोलत नाहीये म्हणून लिहितो, हे नीट वाचा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये यावर स्पष्ट निकाल दिलाय. इंजिन बदलायचं, इंधन बदलायचं, तर आधी परवानगी आणि मग आरसीवर नोंद. गावातला मिस्त्री "होऊन जातंय" म्हणतो, पण पुढे फिटनेसला चासी नंबर जुळतो आणि इंजिन नंबर जुळत नाही तेव्हा तो मिस्त्री फोन उचलत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं हेच बघते.

दुसरं. जुलै २०२१ ला केंद्राने विंटेज वाहनांचे नियम काढले. ५० वर्षांपुढची दुचाकी-चारचाकी, मूळ स्वरूपातली, मोठे बदल न केलेली, तिला विंटेज म्हणून नोंदता येतं. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. ही गाडी १९६५ ची, म्हणजे बसते. पण डिझेल टाकलं की हा दरवाजा बंद.

बोनेटवाला
आणि त्यातलीच दुसरी बाजू: विंटेज म्हणून नोंदली की ती नेहमीसारखी रस्त्यावर वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला नेणं, दुरुस्ती, एवढंच. धागाकर्त्याला पाहुण्यांकडे न्यायची आहे. तेव्हा साधं खासगी वाहन म्हणून आरसीचं नूतनीकरण करा, दर ५ वर्षांनी फिटनेस, पर्यावरण कर, आणि जुनाच नंबर. माझं असंच आहे.

हिशेबनीस
बरोबर, फक्त फी वाढलीय हे लक्षात घ्या. १५ वर्षांपुढच्या चारचाकीचं नूतनीकरण एप्रिल २०२२ पर्यंत ६०० रुपयांत व्हायचं, ते ५,००० झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या गाडीला १०,००० केलं. शिवाय पुस्तकाच्या जमान्यातलं आरसी असेल तर आधी संगणकावर बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते, त्याशिवाय ऑनलाइन गाडी दिसतच नाही, आणि गाडी दिसल्याशिवाय नवीन हाय सिक्युरिटी प्लेटसुद्धा निघत नाही. आईला सांगा ते आरसी बुक परत ट्रंकेत ठेवू नको म्हणून, आधी त्याच्या दोन रंगीत झेरॉक्स काढा.

माहेरवाशीण
तुमचं इंजिन-बिंजिन मला कळत नाही, पण धागा सकाळपासून वाचतेय. माझे वडील पाटबंधारे खात्यात होते, कोयनानगरला. आमचं सगळं लहानपण जीपच्या मागच्या बाकावर गेलं, समोरासमोर दोन बाक, मध्ये सामान, आणि सगळ्यांची डोकी हूडच्या लोखंडी कमानीवर आपटायची. पुढे ७२ च्या दुष्काळात वडिलांची बदली माणदेशात झाली, तिथे दुष्काळी कामांवर जीप आली की बायका हातातली घमेली खाली ठेवायच्या कारण जीप आली म्हणजे पगाराचा साहेब आला. मला वाटतं आपल्या पिढीने सरकार पहिल्यांदा पाहिलं ते जीपमधून उतरताना.

त्यांचे एक ड्रायव्हर होते, आम्ही मामाच म्हणायचो. त्यांनी मला नि माझ्या भावाला हँडल मारायला शिकवलं होतं. अंगठा हँडलच्या पलीकडून घ्यायचा नाही, चारही बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, आणि हँडल नेहमी खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. इंजिन उलटं मारलं तर हँडल हातातून निसटून जातं, नाहीतर मनगट जातं. एवढं मात्र अजून पाठ आहे.

@निरेकाठचा, हॉटेलसमोर उभी नका करू हो. त्यावर मुलं चढतात, फोटो काढतात, पावसात सडते.

बोनेटवाला
ताई, तुम्ही लिहिलेला अंगठ्याचा नियम आजही तसाच सांगतो आम्ही नवीन पोरांना. फार छान वाटलं वाचून. कोयनेच्या आठवणींचा स्वतंत्र धागा काढा ना.

टाकळी फाटा
+१ माहेरवाशीण

आमच्याकडे साहेबाची जीप नाही, वडापची, म्हणजे सवाऱ्या भरून नेणारी. वडिलांची महिंद्रा कमांडर, टाकळी ते तालुक्याचं गाव. आत किती माणसं बसायची ते इथे लिहीत नाही, हिशेबनीस कलम काढतील :) पण एसटी दिवसातून दोनदा यायची, बाकी वेळ दवाखाना म्हणा, बाजार म्हणा, दहावीची परीक्षा म्हणा, कमांडरच. बाळंतपणाच्या बायका रात्री-अपरात्री नेल्यात वडिलांनी. ती गाडी आम्ही वडापमधून काढून खासगी करून घेतली, रंग दिला. विंटेज वगैरे नाही, पण गावातली म्हातारी माणसं अजून हात करतात आणि आम्हीही थांबतो.

सौदामिनी
मी नाशिकची, माझ्याकडे सैन्याच्या लिलावातून आलेली जिप्सी, एमजी४१३, १३०० सीसीवाली. आमच्याकडे देवळालीमुळे लहानपणापासून रस्त्यावर हिरव्या जिप्सी बघतच मोठे झालो, तेव्हाच ठरलं होतं.

मला या धाग्यात एक गोष्ट कमी दिसतेय. सगळे गाडीबद्दल बोलताय, माणसांबद्दल कोणीच नाही. निरेकाठचा, तुमचा खरा प्रश्न आहे "निभावेल का". एकट्याने नाही निभावणार, कुणालाच नाही निभावत. माझी जिप्सी घेतली तेव्हा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) न्यूट्रलमधून निघेना. ग्रुपवर व्हिडिओ टाकला, अर्ध्या तासात संगमनेरच्या एका काकांचा फोन, वय सत्तरीच्या पुढे, त्यांनी फोनवरून मला गाडीखाली झोपवलं आणि आवाज ऐकून सांगितलं की लिंकेजचं बुश गेलंय. पुढच्या रविवारी ते स्वतः बुश घेऊन आले, पैसे घेतले नाहीत, सासूबाईंच्या हातचं थालीपीठ खाल्लं आणि जाताना म्हणाले आता तू कुणाला तरी दे. मी आत्तापर्यंत माझ्याकडचा जास्तीचा कार्ब्युरेटर, एक हब आणि एक रेडिएटर असाच देऊन टाकलाय. पार्ट विकत मिळतातच, पण माणूस गाडीखाली शेजारी येऊन झोपतो ना, ते विकत मिळत नाही.

आणि एक, बाई चालवतेय म्हणून सुरुवातीला लोक बघायचे. आता गिरणारेकडच्या चिखलात कोणी अडकलं की मलाच फोन येतो.

वऱ्हाडी ठेचा
सगळं खरं ताई, पण जिप्सी म्हणजे जीप नव्हे :)

सौदामिनी
ठेचाभाऊ, तुमची जोंगा जिथे पोटापर्यंत रुतून बसते तिथून माझी जिप्सी वरच्यावर निघून जाते, कारण ती हलकी आहे. त्यानंतर तुम्हाला ओढायला दोर कोण टाकणार आहे ते ठरवून मग बोला.

वऱ्हाडी ठेचा
मागे घेतो शब्द. मले तुमचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

रत्नांग्रीकर
धागा चांगला चाललाय, त्यात खडा टाकतोय, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. या गाड्यांचं प्रेम मला समजतं, माझ्या मामाकडे होती. पण गेल्या काही वर्षांत पावसाळा आला की पुण्या-मुंबईकडून पन्नास-पन्नास गाड्यांचे ताफे आमच्या कोकणात येतात आणि सड्यावर घालतात. तुम्हाला तो ओसाड कातळ वाटतो. त्या कातळावर हाताच्या पेराएवढ्या मातीच्या थरात वर्षातून काही आठवडे वनस्पती उगवतात, फुलतात, बी टाकतात. एक टायर गेला की तो थर गेला, पुढे कित्येक वर्षं तिथे काही येत नाही. आणि याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत, २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलेली. सगळ्यांना कुंपण नाही, पाटी नाही. चाकाखाली काय आलं ते ड्रायव्हरला कळतही नाही.

टाकळी फाटा
पूर्ण सहमत. आणि ते लोक आमच्या वावरातनं पण घालतात, विचारत नाहीत.

उद्यमनगरी
सगळ्यांना एका माळेत ओवू नका साहेब. आमचा ग्रुप ठरवून गावकऱ्यांना विचारून जातो, पड जमीन भाड्याने घेतो, ताली फोडत न्हाई.

रत्नांग्रीकर
तुमच्या ग्रुपबद्दल नाही बोललो. पण पड म्हणजे रिकामी असं नसतं, हे मात्र तुम्हालाही सांगेन.

बोनेटवाला
रत्नांग्रीकर म्हणतात ते अगदी योग्य आहे, आणि आमच्यासारख्यांनीच ते आधी बोलायला हवं. जुन्या जीपला खरं तर सडा, नदीपात्र यांची काही गरज नसते. तिची मजा मळलेल्या गाडीवाटेतच आहे. लोणावळ्याहून राजमाचीला उधेवाडीपर्यंतची वाट घ्या, वेल्ह्याकडचे जुने रस्ते घ्या. लो रेंज (कमी वेगाचा, जास्त ताकदीचा गिअर) टाकायची, दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि ती आपली आपण दगड मोजत चालत राहते. काच खाली बोनेटवर पाडलेली, समोर वारा, बाजूला धबधबे. ताशी दहाच्या वर जायचंच नाही. माझ्या मुलीला याच वेगामुळे सह्याद्रीतली झाडं ओळखता येतात, कारमधून जाताना कुठलं झाड दिसतं?

भटक्या दत्तू
वेगावरून आठवलं, दार्जिलिंगकडे मानेभंजनहून संदकफूला जुन्या लँड रोव्हर जातात, पन्नासच्या दशकातल्या सिरीज वन. जवळपास ३१ किलोमीटरची चढण, वर ३,६३६ मीटर. आम्ही ट्रेकला गेलो होतो, परतताना पायांनी संप केला म्हणून एकीत बसलो. ड्रायव्हर तरुण पोरगा, गाडी त्याच्या आजोबांची. प्रत्येक वळणाला थांबून, थोडं मागे घेऊन, परत पुढे. ॲल्युमिनियमची बॉडी त्यामुळे गंज नाही. युद्धानंतर इंग्लंडात पोलादाचं रेशनिंग होतं म्हणून १९४८ पासून त्यांनी ॲल्युमिनियम वापरलं म्हणे, आणि त्या टंचाईचा फायदा हिमालयातला पोरगा आज घेतोय. त्या गाड्या तिथे हौस नाहीत, रोजचं पोट आहे. सिलिंडर, तांदूळ, शाळेची पोरं सगळं त्यातून.

@निरेकाठचा, तुमची जीप चालती ठेवा एवढंच. पेट्रोल का डिझेल मला कळत नाही.

ओहायोतला आप्पा
सगळे प्रतिसाद वाचले. मी मूळचा वाईचा, आता ओहायोत, टोलेडोपासून तासाभरावर राहतो. टोलेडो म्हणजे या सगळ्या जीपांचं माहेर, विलीसचा कारखाना इथलाच, आजही जीप इथेच बनतात. माझ्याकडे १९४६ ची सीजे२ए आहे. शेजारच्या आजोबांकडून घेतली, त्यांच्या वडिलांनी ती शेत नांगरायला घेतलेली होती! युद्ध संपल्यावर विलीसने जीप शेतकऱ्यालाच विकायला काढली होती, मागे पीटीओ (इंजिनाची ताकद बाहेरच्या यंत्राला देणारा शाफ्ट) लावून करवतसुद्धा चालवायचे. वाईत आमच्या मळ्यात जीप ऊस ओढायची ते आठवलं.

इथल्या मेळाव्यात दुसऱ्या महायुद्धातल्या जीपा येतात, त्यांच्याबरोबर एक खेळ चालतो. युद्धात विलीस आणि फोर्ड दोघांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या, पार्ट एकमेकांना बसतील असे. पण फोर्डने आपल्या बोल्टांच्या डोक्यावरसुद्धा एफ अक्षर उठवलं होतं. तर म्हातारी माणसं भिंग घेऊन दिवसभर दुसऱ्याच्या गाडीचे बोल्ट तपासत फिरतात, एक जरी बोल्ट बिनएफचा सापडला की आरडाओरडा. माझ्या सीजेचे बोल्ट बघायला कुणी येत नाही, पण भारतात अशा जीपा अजून शेतात चालतात म्हटलं की सगळे भोवती जमतात, फोटो मागतात.

एक कामाचं. तिकडे आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे ना? जुन्या फ्युएल पंपाचा डायफ्राम आणि जुने रबरी पाइप त्याने फुगतात, कडक होतात, चिरतात. इथे इथेनॉल बऱ्याच वर्षांपासून आहे त्यामुळे त्याला टिकणारी पंपाची किट मिळतात. निरेकाठचा, पत्ता व्यनि करा, मी एक पाठवतो. डिसेंबरात बहीण येतेय, तिच्या बॅगेत टाकीन.

हिशेबनीस
आप्पा, बहिणीला सांगितलंय का?

ओहायोतला आप्पा
गेल्या वेळी तिने मास्टर सिलिंडर नेला होता. तयार आहे ती.

बोनेटवाला
इथेनॉलबद्दल आप्पांना जोड: ते हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत खाली पाणी जमतं आणि टाकी आतून गंजते. दर आठवड्याला चालवा किंवा टाकी मोकळी ठेवा. अर्धी भरून महिने-महिने उभी करू नका. एप्रिल-मे मध्ये घाटात अचानक बंद पडली तर घाबरू नका, पंपाजवळ पेट्रोलची वाफ होते. पंपावर ओलं फडकं ठेवा, दहा मिनिटं बसा, चहा प्या, चालू होते.

निरेकाठचा
मंडळी, दोन शनिवार-रविवार गावी होतो म्हणून उत्तर नाही दिलं. एवढे प्रतिसाद बघून भरून आलं.

बोनेटवाल्यांनी सांगितलं तसंच सगळं केलं. प्लग काढले, डिझेल-ऑइल ओतलं. पहिल्या आठवड्यात हँडल हललं नाही. परत ओतलं. या शनिवारी मी, चुलतभाऊ आणि शेजारचा एक अकरावीतला मुलगा, तिघे होतो. हँडल चार बोटं हललं, मग अर्धा फेरा, मग प्लगच्या भोकांतून काळं पाणी उडालं ते थेट त्या मुलाच्या शर्टावर, आणि इंजिन पूर्ण फिरलं! वडील खुर्ची टाकून बसले होते, ते उठून आले आणि म्हणाले आता मला बघू दे. वय ७१. अंगठा बरोबर बोटांच्या बाजूला ठेवून त्यांनी हँडल ओढलं. (माहेरवाशीणताई, हे तुमच्यासाठी लिहिलं.)

हॉटेलवाल्यांना नकार कळवला. इंजिन पेट्रोलच राहणार, उद्यमनगरी दादा रागावू नका. कायद्याचं एक कारण झालंच, पण मुख्य म्हणजे वडिलांना हीच गाडी चालवता येते, हेच तीन गिअर, पहिल्याला सिंक्रो (गिअर सहज पडायची सोय) नाही म्हणून दोनदा क्लच दाबायचा, हे त्यांच्या पायात बसलंय. चार-पाच वर्षं मला पगारातून थोडे थोडे घालावे लागतील, घालीन. आरसीच्या बॅकलॉगचा अर्ज द्यायला सोमवारी रजा टाकलीय.

आता पुढचा प्रश्न. ब्रेक पेडल थेट खाली जातं, काहीच लागत नाही. मिस्त्री म्हणतो मागचे ड्रम निघत नाहीत, हातोड्याने मारून काढतो. काढू देऊ का?

उद्यमनगरी
अजिबात न्हाई! रागावलेलो न्हाई, पण हातोडा मारू दिलात तर रागवीन. मागचा ॲक्सल टोकाला निमुळता असतो आणि हब त्यावर दाबून बसलेला असतो, चावीसकट (हब फिरू नये म्हणून खाचेत बसवलेला लोखंडी तुकडा). हातोडा मारला की ड्रम राहिला बाजूला, मार आतल्या बेअरिंगला बसतो, शाफ्टचे आटे बसतात. त्याला मोठा हब पुलर लागतो. घट्ट आवळायचा, बाहेरून जरा गरम करायचं आणि सोडून जेवायला जायचं. कधीतरी बंदुकीसारखा आवाज येतो आणि सुटतो. शाफ्टचा नट पूर्ण काढू नका, दोन आटे ठेवा, न्हाईतर ड्रम अंगावर येईल.

पुलर माझ्याकडं हाय, स्वतः बनवलेला. येत्या रविवारी फलटणला येतो.

सौदामिनी
मी पण येते, नाशिकहून पहाटे निघीन. चारही व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर खोलूनच घ्या, इतक्या वर्षांत आतली रबरं गेलेली असणारच. ब्रेकच्या नळ्या सुद्धा नवीन टाका, तिथे पैसे वाचवू नका.

बोनेटवाला
मी शनिवारी जुन्या वस्तूंचं कपाट बघतो, माझ्याकडे पुढच्या चाकांची दोन व्हील सिलिंडर किट पडून आहेत, आणतो. किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं तो खिळा) पण बघून घेऊ. चाक जॅकवर घेऊन वर-खाली हलवलं की कळतं; तिथे ढिलाई असेल तर ताशी पन्नासच्या पुढे स्टेअरिंग इतकं भिरभिरतं की नवीन माणूस घाबरून गाडी सोडून देईल. वडिलांना विचारा, त्यांना तो प्रकार नक्की माहीत असेल.

निरेकाठचा
विचारलं. म्हणाले "तेव्हा ब्रेक नाही मारायचा, ॲक्सिलरेटर सोडायचा आणि स्टेअरिंग घट्ट धरायचं."

सगळे या. आई म्हणतेय जेवायला किती जण ते शुक्रवारपर्यंत कळवा. ज्वारीची भाकरी, आमटी, खर्डा. शाकाहारी-मांसाहारी तेवढं लिहा.

वऱ्हाडी ठेचा
अकोल्याहून जोंगा घेऊन आलो तर पेट्रोलचा खर्च वऱ्हाडी वर्गणीतून निघेल का? नाही तर रेल्वेनं येतो. मांसाहारी.

हिशेबनीस
शाकाहारी, एक. आरसी बुक आणि सोमवारच्या अर्जाची पोच समोर काढून ठेवा, मी नोंद तपासून देतो.

उद्यमनगरी
आणि सगळ्यांनी हे ध्यानात ठेवा, मी पोचायच्या आत कुणी चाकं खोलायला घेतली तर डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे आहेत. नेहमीच्या दिशेने जोर लावलात तर आणखी आवळतील, स्टड तुटेल. नटावर किंवा स्टडच्या टोकाला एल आहे का बघा. शंका आली तर थांबा, मी दहापर्यंत येतोय.